पाण्याचा कीं अग्नीचा? एका काळ्या दगडाच्या जन्माचा वाद

ज्या दगडाच्या पायावर घर उभें राहतें, ज्याच्या पाट्यावर चटणी वाटली जाते आणि ज्याच्या खडीनें रस्ते बांधले जातात, त्या काळ्या दगडाचा जन्म कशापासून झाला असेल, हा प्रश्न संसारी माणसास सहसा पडत नाहीं. युरोपांतील पंडितांस मात्र या एका प्रश्नानें अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढें पाऊणशें वर्षें झुंजत ठेविलें. भूस्तरशास्त्रांत या दगडास बसाल्ट म्हणतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पृथ्वी प्रथम एका महासागरानें व्यापिली होती आणि खाऱ्या पाण्यांतून जसें मीठ तळाशीं बसावें, तसा हा दगड त्या सागरांतून थराथरानें खालीं बसला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तो पृथ्वीच्या पोटांतून तप्त रसाच्या रूपानें वर आला व निवून घट्ट झाला. पहिल्यांस जलवादी व दुसऱ्यांस अग्निवादी अशीं नांवें पडलीं. या वादाचा निकाल आज शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. तो कोणत्या मार्गानें लागला आणि तो लागतांना कित्येकांस आपल्या गुरूचा शब्द कसा बाजूस ठेवावा लागला, ही हकीकत मात्र तितकीशी परिचित नाहीं.

सन १७५१ मध्यें झां-एत्येन गेतार हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आपला स्नेही मालझर्ब याच्यासह फ्रान्सच्या मध्यभागीं असलेल्या ओव्हेर्न प्रांताकडे प्रवासास निघाला. वाटेंत मूलँ या गांवीं मैलांच्या दगडांकडे त्याचें लक्ष गेलें. ते काळसर असून स्पंजासारखे सच्छिद्र होते. गेतारनें पेटता ज्वालामुखी स्वतः कधीं पाहिला नव्हता. परंतु इटलींतील व्हेसुव्हियसच्या दगडांची त्याला ओळख होती. हे दगड कोठून येतात अशी त्यानें चौकशी केली. व्होल्व्हिक येथील खाणींतून, असें उत्तर मिळालें. तो तडक व्होल्व्हिकला गेला. तेथील दगड डोंगराच्या उतारावरून ओघळत आल्यासारखा पसरलेला त्याला दिसला. पुढें प्वी-द-डोम या सुमारें ४,८०० फूट उंचीच्या डोंगरावर चढून त्यानें भोंवतालीं पाहिलें, तों वाटीसारखे खळगे माथ्यावर असलेल्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग नजरेस पडली. हे सर्व विझलेले ज्वालामुखी होत, असा त्यानें निष्कर्ष काढला व १७५२ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें तो वाचून दाखविला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. याच डोंगरावर १६४८ सालीं पास्कल या थोर गणितज्ञाचा मेहुणा पेरिये हा पाऱ्याची नळी घेऊन चढला होता आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, हें त्यानें सिद्ध केलें होतें. त्या प्रयोगानें प्वी-द-डोमचें नांव साऱ्या विद्वज्जगतांत झालें. तरीही आपण ज्या माथ्यावर उभे आहों तो एकेकाळीं धगधगत होता, ही कल्पना पुढील शंभर वर्षें कोणाच्याही मनांत आली नाहीं. ज्याचा शोध चालू होता तें सांपडलें. पायाखालचें राहून गेलें. गेतारची स्वतःची गोष्टही याच मासल्याची आहे. त्यानें ज्वालामुखी ओळखले. परंतु बसाल्टचे जे रेखीव खांब कांहीं ठिकाणीं आढळतात, ते पाण्यांतून तयार झाले असावेत, असेंच त्यानें पुढें १७७० सालीं लिहिलें.

त्या खांबांचा उलगडा निकोला देमारे यानें केला. हा गृहस्थ व्यवसायानें कारखान्यांची तपासणी करणारा सरकारी अधिकारी होता. १७६३ मध्यें क्लेर्मोंहून प्वी-द-डोमकडे जातांना प्र्युदेलच्या पठाराच्या कडेला त्याला काळ्या दगडाचे उभे, पैलूदार खांब दिसले. असे खांब विद्वानांस नवीन नव्हते. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर 'जायंट्स कॉजवे' म्हणून जी जागा प्रसिद्ध आहे, तेथें असे सुमारें चाळीस हजार खांब समुद्राकांठीं उभे आहेत; ते प्रचंड स्फटिक असावेत, असा तेव्हां अनेकांचा समज होता. देमारेनें खांब पाहून समाधान मानलें नाहीं. ते ज्या थराचा भाग होते त्या थराचा त्यानें पायीं माग काढला, आणि तो थर म्हणजे ज्वालामुखींतून वाहत आलेला लाव्हाच होय, अशी त्याची खात्री पटली. चिखल वाळूं लागला म्हणजे आकसतो व त्याला भेगा पडतात. त्याचप्रमाणें लाव्हा निवतांना आकसतो, त्याच्या पृष्ठभागापासून भेगा आंत शिरत जातात आणि सबंध थराचे पंचकोनी-षट्कोनी खांब बनतात, असें आज मानलें जातें.

देमारेचा निबंध अकादमीपुढें १७६५ सालीं आला व १७७४ सालीं छापून निघाला. पुढें त्यानें या प्रदेशाचा बारकाईनें नकाशा केला व त्यावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. कांहीं लाव्हाप्रवाह मुखापासून दरीपर्यंत अखंड दिसतात, तर कांहीं नद्यांनीं कापून काढल्यामुळें त्यांचे तुकडे टेकड्यांच्या माथ्यांवर टोप्यांसारखे उरले आहेत. म्हणजे जेथें आज मुख दिसत नाहीं, राख दिसत नाहीं, तेथील बसाल्टही लाव्हाच असूं शकतो. मधल्या काळांत झीज झाली इतकेंच. देमारे वादविवादाच्या भरीस फारसा पडला नाहीं. प्रतिपक्षाचा कोणी तंडावयास आला तर "जा आणि पाहा" एवढेंच तो सांगे, अशी आख्यायिका आहे.

परंतु पाहावयास जाणें प्रत्येकास मानवत नाहीं, विशेषतः घरबसल्या पटणारें उत्तर हातीं असतांना. तसें उत्तर देणारा एक असामान्य शिक्षक याच सुमारास उदयास आला. १७७५ सालीं सॅक्सनींतील फ्रायबेर्ग येथील खाणकाम-विद्यालयांत आब्राहाम गोटलोब वेर्नर या पंचविशींतील तरुणाची नेमणूक झाली आणि १८१७ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो तेथेंच शिकवीत राहिला. त्यानें लिहिलें थोडें. परंतु त्याची वाणी अशी होती कीं, युरोपच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी त्याच्या वर्गांत येत व त्याचा सिद्धांत घेऊन परत जात. त्याच्या मतें ग्रॅनाइट व बसाल्ट हे दोन्ही दगड आदिसमुद्रांत घडले. ज्वालामुखी हा त्याच्या लेखीं अगदीं अलीकडचा व किरकोळ प्रकार. जमिनींत दगडी कोळशाचे थर पेट घेतात व वरचा दगड वितळवितात, तोच लाव्हा. लाव्हा व बसाल्ट सारखे दिसतात हें त्यानें नाकारलें नाहीं. बसाल्ट आधींचा, तो वितळून लाव्हा झाला, असें तो म्हणे. या तर्कास केवळ शब्दांनीं उत्तर देणें कठीण होतें.

वेर्नरवर आंधळेपणाचा आरोप करणें अन्यायाचें होईल. १७८८ सालीं शायबेनबेर्ग या टेकडीवर त्यानें वाळू, माती व त्यांवर बसाल्ट अशी रचना स्वतः पाहिली होती. एकांतून दुसरा थर क्रमानें होत गेला आहे, असें त्याला वाटलें. दोष होता तो एवढाच कीं, सॅक्सनींत जें दिसलें तेंच साऱ्या पृथ्वीचें माप ठरविलें गेलें. त्या प्रांतांतील बसाल्ट म्हणजे देमारेनें वर्णिलेल्या टोप्यांसारखे झिजून उरलेले तुकडे. त्यांच्या शेजारीं पेटता डोंगर नव्हता.

हा गुंता सोडविला तो वेर्नरच्याच शिष्यांनीं. लेओपोल्ड फॉन बूख हा त्यांतील अग्रगण्य. १७९९ मध्यें तो व्हेसुव्हियसवर गेला व १८०२ मध्यें ओव्हेर्नला. तेथें त्याला दिसलें कीं, या टेकड्या ग्रॅनाइटच्या पठारावर उभ्या आहेत. वेर्नरच्या मतें ग्रॅनाइट हा सर्वांत जुना, सर्वांच्या तळचा दगड. मग त्याच्याही खालून जो रस वर आला, त्याला वितळविणारा कोळसा कोठें होता? फॉन बूखला ओव्हेर्नपुरतें अग्नीचें कर्तृत्व मान्य करावें लागलें. जर्मनींतील बसाल्टाविषयीं मात्र त्याचा शब्द कांहीं काळ अडखळत राहिला. जें मन इतकीं वर्षें एका पीठावर घडलें, तें एका प्रवासांत संपूर्ण पालटत नाहीं.

दुसरा शिष्य दोब्युइसाँ. हा फ्रेंच असून फ्रायबेर्ग येथें शिकला होता. १८०३ सालीं त्यानें सॅक्सनीच्या बसाल्टावर पुस्तक प्रसिद्ध करून गुरूचें मत उचलून धरलें. पॅरिसमधील परीक्षकांनीं त्याला सल्ला दिला कीं, एकदां ओव्हेर्न पाहून यावें. तो गेला आणि परत येऊन १८०४ मध्यें त्याच विद्वत्सभेपुढें आपण चुकलों होतों, असें त्यानें निःसंकोच सांगितलें. पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोंच तें स्वतः खोडून काढणें, यास लागणारें धैर्य लहान नव्हे. गंमत अशी कीं, लेखकानें टाकून दिलेलें तेंच पुस्तक दहा वर्षांनंतर, १८१४ सालीं, एडिंबरो येथें इंग्रजींत भाषांतर होऊन निघालें. माणूस मत सोडतो. मत माणसांस इतक्या लवकर सोडीत नाहीं.

एडिंबरो हें या वादाचें दुसरें रणक्षेत्र. येथील जेम्स हटन यानें १७८५ सालीं रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरोपुढें आपला सिद्धांत मांडला कीं, पृथ्वीच्या पोटांतील उष्णता हीच खडकांची मोठी कारागीर आहे. त्याच वर्षीं ग्लेन टिल्ट या खोऱ्यांत नदीच्या पात्रांत त्याला तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळ्या खडकास फोडून आंत शिरलेल्या आढळल्या. जो दुसऱ्यास फोडून आंत शिरतो तो त्याच्यामागून आलेला असावा व शिरतांना पातळ असावा, हें उघड होतें. हटनला इतका हर्ष झाला कीं, त्याच्या वाटाड्यांना यास सोन्याची नाहीं तर चांदीची खाण सांपडली असावी, असें वाटलें.

तरीही जलवाद्यांचा एक आक्षेप शिल्लक होता, व तो सबळ होता. दगड वितळवून निवविला कीं त्याची कांच होते. बसाल्ट तर बारीक कणांचा व अपारदर्शक. मग तो वितळलेला होता असें कसें म्हणावें? याचें उत्तर हटनचा तरुण मित्र सर जेम्स हॉल यानें दिलें. इटलीच्या प्रवासांत त्यानें व्हेसुव्हियस पाहिला होता व तेथील जुन्या कड्यांत भिंतींसारखे उभे राहिलेले लाव्हाचे पडदे न्याहाळले होते. पुढें लीथ येथील कांचेच्या कारखान्यांत घडलेली एक घटना त्याच्या कानीं आली. मोठ्या भांड्यांतील हिरवी कांच चुकून फार सावकाश निवली आणि ती पारदर्शक न राहतां दगडासारखी कणीदार झाली. तीच पुन्हां वितळवून झटपट निवविली, तों पूर्ववत् कांच. हॉलनें ही किल्ली उचलली. परंतु मुशीच्या तळाशीं डोकावून पृथ्वीच्या प्रचंड व्यापारांचा निर्णय करणाऱ्यांविषयीं हटनला तिटकारा होता. त्या वडीलधाऱ्या मित्राचें मन राखण्यासाठीं हॉलनें आपले प्रयोग आवरते घेतले, व १७९७ मध्यें हटन वारल्यानंतर ते पुन्हां हातीं धरून १७९८ सालीं प्रसिद्ध केले. एडिंबरोच्या आसपासचा बसाल्टवर्गीय दगड आणि व्हेसुव्हियस व एटना यांचे लाव्हा त्यानें भट्टींत वितळविले. लवकर निवविले तेव्हां दोहोंची काळी कांच झाली. सावकाश निवविले तेव्हां दोहोंचा कणीदार दगड झाला. डॉक्टर केनेडी यानें केलेल्या रासायनिक पृथक्करणांतही दोहोंचे घटक जवळजवळ सारखेच निघाले.

अग्निजन्य खडकांच्या शास्त्राची गुरुकिल्ली याच प्रयोगांत आहे. रस सावकाश निवला तर त्यांतील अणूंस एकत्र येऊन मोठे स्फटिक बांधण्यास सवड मिळते. चटकन निवला तर कण बारीक राहतात. एकाएकीं निवला तर मुळींच जमत नाहींत व कांच उरते. म्हणून भूपृष्ठावर वाहिलेला बसाल्ट बारीक कणांचा असतो, आणि तोच रस खोल जमिनींत अडकून हजारों वर्षें निवत राहिला तर त्याचा जाडकणी गॅब्रो नांवाचा दगड होतो. ग्रॅनाइटही असाच खोलवर निवलेला. मात्र त्याच्या रसांत वाळूचें जें द्रव्य, त्या सिलिकाचें प्रमाण अधिक. हा रस येतो कोठून, याचाही आतां पत्ता लागला आहे. भूकवचाखालचा प्रदेश बहुतांशीं घनच आहे. तेथील तप्त खडक वर सरकूं लागला म्हणजे त्यावरील दाब कमी होतो व त्याचा थोडा भाग वितळतो. कोळशाची तेथें गरज नाहीं.

प्रयोग झाला म्हणून वाद एका रात्रींत संपला, असें मात्र नाहीं. १८२६-२७ मध्यें चार्ल्स डार्विन एडिंबरो येथें विद्यार्थी असतांना वेर्नरचा शिष्य जेमसन हा तेथें प्राध्यापक होता. शहरालगतच्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यापाशीं विद्यार्थ्यांना नेऊन, समोरच्या शिलेची भेग वरून गाळ पडून भरली, असें या प्राध्यापकानें सांगितलें व खालून रस शिरला म्हणणाऱ्यांचा उपहास केला. डार्विननें हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रांत नमूद केला आहे. म्हणजे पुरावा समोर उभा असतांनाही जुनें मत तेथें शिकविलें जात होतें. हाच डार्विन १८३५ सालीं गॅलापागोस बेटांतील लाव्हावरून चालला. तेथील एका प्रवाहांत स्फटिक खालच्या भागांत अधिक जमलेले त्याला दिसले. रस निवत असतां जड स्फटिक तळाशीं जातात, उरलेल्या रसाची घडण बदलते, आणि अशा रीतीनें एकाच रसापासून निरनिराळे खडक होऊं शकतात, हा विचार त्यानें १८४४ सालच्या ग्रंथांत मांडला. विसाव्या शतकांत वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेंत बोवेन यानें भट्टींतील प्रयोगांनीं कोणते स्फटिक कोणत्या क्रमानें जमतात हें ठरवून या विचारास भक्कम पाया दिला.

शेवटीं निसर्गानेंच हॉलचा प्रयोग प्रचंड प्रमाणावर करून दाखविला. १९५९ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीच्या शेजारचें किलाउआ इकी हें विवर लाव्हानें भरलें. रसाचें कारंजें सुमारें १,९०० फूट उंच उडालें व विवरांत सुमारें चारशें फूट खोल असें रसाचें तळें सांचलें. त्यावर साय धरावी तशी दगडी खपली धरली. १९६० पासून शास्त्रज्ञ तिच्यावर उतरून तिला छिद्रें पाडूं लागले, तों खपली वर्षावर्षाला जाड होत होती व तिच्याखालीं रस तसाच तप्त होता. अकराशें अंश सेंटिग्रेडच्या वरून तो कसा उतरत गेला, कोणता स्फटिक केव्हां जमला, हें त्यांनीं नमुने काढून पाहिलें. तळें पुरतें घट्ट व्हावयास सुमारें पस्तीस वर्षें लागलीं. आज त्याच्या पृष्ठभागावरून प्रवासी पायीं जातात.

महाराष्ट्रांतील वाचकास मात्र असा डोंगर शोधूं जातां सांपडावयाचा नाहीं. दख्खनचा बसाल्ट सुमारें दोन लक्ष चौरस मैलांवर पसरला आहे व सह्याद्रींत त्याची जाडी सहा हजार फुटांहून अधिक भरते. परंतु तो बहुतांशीं एखाद्या शिखरांतून न ओतला जातां जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं, पुनःपुन्हां वाहिला. १७८३-८४ मध्यें आइसलंडांतील लाकी येथें पंधरा मैलांहून लांब भेगेंतून आठ महिने लाव्हा वाहत होता. तो प्रकार मनांत अनेक पटींनीं वाढविला म्हणजे दख्खनची कांहींशी कल्पना येते. धुळें-नंदुरबारकडे शिवारांतून भिंतींसारख्या ज्या काळ्या रांगा गेलेल्या दिसतात, त्या भेगांत गोठलेल्या रसाच्या आहेत. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट हिलवर देमारेनें पाहिले तसेच उभे खांब आहेत. अजिंठ्याचीं लेणींही याच थरांत कोरलेलीं आहेत.

पुणें-मुंबई प्रवासांत बोरघाट उतरतांना समोरच्या कड्यांकडे नजर टाकली तर या पायऱ्या एकावर एक रचलेल्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक वा अनेक पूर. थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो, मधला घट्ट. क्वचित् दोन थरांच्या मध्यें तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो एक पूर थांबून दुसरा येईपर्यंत गेलेल्या काळाची खूण सांगतो. गाडी त्या कड्यांजवळून कांहीं मिनिटांत निघून जाते. गेतार ज्या मैलाच्या दगडापाशीं थांबला, त्याच्या शेजारूनही रोज पुष्कळ गाड्या जात असतीलच.